मृत्तिका निसर्गनिवास आणि शालूबाईंची फरशी

माणूस एकदा सुखात स्थिरावला की त्याला गैरसोयीची ओढ लागते. ही ओढ नैसर्गिक आहे आणि तिचा योग्य तो आदर व्हायला हवा. मात्र गैरसोय फुकट मिळाली तर माणूस चिडतो, अर्ज करतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो. तीच गैरसोय आगाऊ नोंदणी करून, रीतसर पावती घेऊन मिळाली, तर तो तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. हे सत्य आमच्या भागात सर्वप्रथम ओळखलं ते शंभूराज यांनी, आणि ओळखून ते गप्प बसले नाहीत.

रहिमतपूर स्टेशनावर उतरून पूर्वेला गेलं की उभागड नावाचा प्रसिद्ध किल्ला लागतो. (तो किती प्रसिद्ध आहे हे त्याच्या तटबंदीवर खडूने, कोळशाने आणि खिळ्याने लिहिलेल्या नावांवरून सहज समजतं.) गडाच्या पायथ्याशी उभाडे हे गाव. गावात शंभूराजांच्या वडिलांचा पुष्कळ ऊस आहे आणि गडाच्या बाजूला थोडं खडकाळ रान आहे. त्या रानात हुलगासुद्धा धड येत नसे. शंभूराज पुण्याला घरं बांधायचं शास्त्र शिकून आले आणि त्यांनी तिथं पाहुणे पेरायचं ठरवलं. पीक जोमदार आलं.

तेच मृत्तिका निसर्गनिवास. बारा खोप्या, कुडाच्या भिंती, उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : येथे वीज नाही, पंखा नाही, नळ नाही, आरसा नाही. इतकी स्पष्ट कबुली मी आजवर एकाही हॉटेलच्या तोंडून ऐकलेली नव्हती. गावातही दिवसातले बरेच तास वीज नसे, पण ती नाइलाजानं नसे. खोप्यांत ती तत्त्वानं नव्हती, आणि दरातला फरक हा त्या तत्त्वाचा होता. गावकरी या संस्थेला 'खोपटाचं हाटेल' म्हणत. गावकऱ्यांना तत्त्व कळत नाही.

गावकऱ्यांचं आणखी एक वागणं शंभूराजांना फार खुपायचं. गेल्या काही वर्षांत ज्याला त्याला स्लॅबचं घर बांधायची चटक लागली होती. माहेरवाशीण आली की ती आधी वर बघायची, पत्रा आहे की स्लॅब. शंभूराज स्वतःसुद्धा वडिलांच्या स्लॅबच्या बंगल्यात कूलर लावून झोपत. (तुलनेसाठी कोणीतरी तिकडं झोपणं आवश्यक होतं.)

मी माधवनगरला सूतगिरणीच्या कचेरीत वरिष्ठ लेखनिक. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात मी आणि सौ. विजया, असे आम्ही दोघं तीन दिवसांसाठी मृत्तिका निसर्गनिवासात दाखल झालो. आमच्या राहत्या घरी त्याच आठवड्यात नवा पंखा बसवला होता. तो बंद करून, घराला कुलूप लावून, आम्ही पॅसेंजर गाडीनं घामाघूम होत तिकडं गेलो. सांस्कृतिक भूक म्हणतात ती हीच असावी.

प्रवेशाची पद्धत अत्यंत शिस्तीची होती. प्रथम घड्याळ, ट्रांझिस्टर, टॉर्च आणि खिशातला कंगवा या वस्तू काढून घेऊन एका पेटीत कुलूपबंद करण्यात आल्या. मग अंगावरचे कपडे. मला बंडी आणि धोतर मिळालं, विजयाला नऊवारी. दोन्ही विटलेली होती. गावात इतके विटलेले कपडे आता मिळत नाहीत, म्हणून शंभूराज ते नवे घेऊन पुण्याहून विटवून आणत. शेवटी प्रत्येकाला एकेक 'ग्रामनाम' देण्यात आलं, कारण आमची खरी नावं ऐकल्यावर कोणालाही माती आठवत नाही. मी कृष्णात झालो. विजया रंगुबाई झाली. शेजारच्या खोपीत पुण्याचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी दारिद्र्यावर जाडजूड प्रबंध लिहिला होता. ते अर्जुना झाले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली चालेना.

दारावर रखवालीला आकाराम होते. आकाराम म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. फौजेत आणि त्याआधी शाळेत त्यांनी आयुष्यभर पँट घातलेली. निसर्गनिवासात नोकरी लागली तेव्हा त्यांना अस्सल ग्रामस्थ दिसण्यासाठी धोतर नेसायला शिकावं लागलं. शिकवायला नाटकांना कपडे पुरवणारा एक गृहस्थ पुण्याहून बोलावला होता. तरी चालताना त्यांचा पाय फौजेच्याच तालात पडे आणि धोतर मागं राही.

आता मूळ मुद्दा.

निसर्गनिवासाचा ओटा आणि उभागड यांच्या बरोबर मध्ये आकारामांचं घर येतं. मातीच्या भिंती, कौलं, दारात तुळस आणि आत सारवलेली जमीन. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर गडाचा जो फोटो आहे, त्यात गड अंगठ्याएवढा आणि आकारामांचं घर तळहाताएवढं आहे. म्हणून आकारामांना नोकरी देताना शंभूराजांनी एकच अट घातली होती : नोकरी चालू असेतोवर घरात काडीचा बदल करायचा नाही.

या अटीला कोणाची हरकत नव्हती, फक्त शालूबाईंची होती. शालूबाई म्हणजे आकारामांच्या पत्नी. नवरा फौजेत असताना त्यांनी ते घर एकटीनं सांभाळलं आणि दर आठवड्याला गुडघ्यांवर बसून सारवलं. आता त्यांचे गुडघे दिवसभर बोलत. उठताना बोलत, बसताना बोलत. त्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती, घरात शहाबादी फरशी बसवायची. वर कौलं राहू देत, भिंती मातीच्या राहू देत, पायाखाली मात्र फरशी. ओल्या फडक्यानं उभ्याउभ्या पुसायची आणि भर उन्हात तिच्यावर गाल टेकून पडायचं. आकारामांनी निवृत्त झाल्या झाल्या फरशी आणलीही. त्याच आठवड्यात नोकरी लागली.

तेव्हापासून फरशी घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. फोटोत येऊ नये म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलेलं. दीड वर्ष झालं, कोंबड्या तिच्या आडोशाला अंडी घालत होत्या. फरशी बसवली तर आकारामांची नोकरी जाणार, नाही बसवली तर शालूबाईंचे गुडघे जाणार, असा तो सरळ हिशेब होता. शंभूराजांनी यावर माणुसकीचा तोडगा काढला. त्यांनी शालूबाईंनाही नोकरी दिली. काम : बारा खोप्या सारवणे.

रोज सकाळी 'सारवण शिबिर' भरे. पाहुण्या बायका नऊवारी सावरत, नाकाला पदर लावत, शेणाच्या घमेल्याभोवती बसत. शालूबाई पुढं बसून हात फिरवून दाखवत. मागं सरकत सरकत जायचं आणि दाराशी येऊन संपवायचं, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. हे साधं तत्त्व पाहुण्यांच्या ध्यानात येत नसे. बहुतेकजणी दारापासून सुरुवात करून आत कोपऱ्यात जाऊन अडकत आणि वाळेपर्यंत तिथंच उकिडव्या बसून राहत.

"आवं ताई, पानी लय घातलंसा," शालूबाई विजयाला म्हणाल्या. "ह्यानं सारवण न्हाई हुयाचं, आंघूळ हुईल जिमिनीची."

विजयानं मोठ्या हौसेनं एक खोपी सारवली, चार फोटो काढून घेतले आणि नंतर तिला सरळ उभं राहता येईना. पाहुणे नाश्त्याला गेले की शालूबाई त्या सगळ्या खोप्या खरवडून पुन्हा पहिल्यापासून सारवत. म्हणजे शिबिरामुळे त्यांचं काम दुप्पट झालं होतं. शिबिराच्या प्रमाणपत्रावर मात्र 'श्रमपरिहार' असा शब्द होता, आणि तो आम्हा सर्वांना मान्य होता.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" विजयानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कट्टाळा आला तर काय जिमीन सोताला सारवून घेती व्हय?" शालूबाई म्हणाल्या. "माज्या घरात एवढी फरशी पडली न्हवं ताई, की मी तुमास्नी येऊन दाखवीन. गाल टेकून दाखवीन."

विजया त्या दिवसापासून गप्प गप्प असायची. मी ते कमरेमुळं असेल असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी शंभूराज बर्फ आणायला साताऱ्याला गेले होते. (सरबतातला बर्फ अस्सल ग्रामीण नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, परंतु आदल्या संध्याकाळी काही पाहुण्यांचा तोल सुटला होता.) फळ्यावर त्या वेळेचा कार्यक्रम लिहिलेला होता : 'ग्रामीण जीवनातील एक आश्चर्य'. प्रत्यक्षात ते सरबत होतं. आम्ही पाहुणे वडाखाली ओळीनं बसून आश्चर्याची वाट पाहत होतो. नेमके त्याच वेळी तालुक्याहून मिलिंद नावाचे तरुण अधिकारी आले.

त्या वर्षी सरकार गरीब कुटुंबांची मोजणी करत होतं. मिलिंद साहेब सकाळपासून उभाड्यात फिरून वैतागले होते. स्लॅबच्या घरातली माणसं गरीब असल्याचं शपथेवर सांगत होती. टीव्हीवर गोधडी टाकून 'आजारी म्हातारी झोपली हाय' असं सांगितलं जात होतं. एका घरात म्हातारीतून बातम्या ऐकू आल्या. साहेबांना वरून आलेली सूचना स्पष्ट होती : सांगितलेलं लिहू नका, दिसलेलं लिहा.

आणि आता त्यांना हे दिसलं. बारा खोप्या. विटक्या कपड्यांत, अनवाणी, दोन दिवस दाढी न केलेली माणसं झाडाखाली कशाची तरी वाट पाहत ओळीनं बसलेली. साहेब दारातच थबकले.

आकाराम पुढं झाले. "साहेब, ही समदी पावणी हायती. लय पैसंवाली हायती."

"काका," मिलिंद साहेब हळू आवाजात म्हणाले, "माणसाच्या गरिबीची अशी चेष्टा करू नये."

ते येऊन आमच्यासमोर बसले आणि त्यांनी कागद काढले. आमच्यात एकदम चैतन्य पसरलं. हेच ते आश्चर्य, अशी सर्वांची खात्री पटली. प्राध्यापक अर्जुना सरसावून पुढं बसले.

"वीज आहे?"

"नाही," अर्जुना म्हणाले, "आणि नकोच आहे आम्हाला."

साहेबांनी लिहिलं : आशा सुटलेली आहे.

"पाणी?"

"विहिरीचं. डोक्यावरून आणतो. म्हणजे, ह्या आणतात."

"घरात रेडिओ, घड्याळ, काही चीजवस्तू?"

"होतं की. आलो त्या दिवशीच मालकांनी काढून घेतलं. कुलपात ठेवलंय."

साहेबांनी मान वर केली. "कुठले मालक?"

"शंभूराज. चांगले आहेत हो. जाताना परत देतात."

"काम काय करता?"

"सकाळी मालकांच्या उसात खुरपायला जातो."

"मजुरी काय मिळते?"

"मजुरी?" अर्जुना दिलखुलास हसले. "मजुरी कसली हो? उलट आम्हीच मालकांना देतो. तेही आगाऊ!"

मिलिंद साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी आमच्यातल्या एकेकाकडं पाहिलं. आम्ही सगळ्यांनी अभिमानानं माना डोलावल्या.

"आणि... सोडून जावंसं वाटत नाही?"

"सोडून? दिवाळीपासून नंबर लावला तेव्हा आत्ता जागा मिळाली. बाहेर अजून केवढी रांग आहे!"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मग पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढून त्यांनी तो संकोचानं आमच्यासमोर ठेवला. दोन दिवस आम्ही खर्डा आणि भाकरीवर होतो. त्या पुड्याचं पुढं काय झालं ते सुशिक्षित माणसानं लिहू नये. मी एवढंच सांगतो की अर्जुनांनी पुड्याचा कागद झटकून तळहातावर चुरा घेतला, आणि साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'उपासमार' हा शब्द लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"सही येते का कोणाला?" त्यांनी विचारलं.

आमच्यात एक प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक वकील आणि मी असे होतो. शाईचा पॅड पाहताच सर्वांचे अंगठे आपोआप पुढं आले. असा योग वारंवार येत नाही. विजयानं अंगठा उमटवला आणि साहेबांनी त्यापुढं 'रंगुबाई कृष्णात' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिनं ती निळी शाई पुढचे चार दिवस धुतली नाही.

त्यानंतर साहेब समोर आकारामांच्या घरी गेले. आम्ही ओट्यावरून पाहत होतो. मातीची जमीन, मातीच्या भिंती, गुडघ्याला फडकं बांधलेल्या शालूबाई. साहेब फार आशेनं कागद भरू लागले. घराला फेरी मारताना त्यांचा पाय गोणपाटाला लागला.

"ही कोणाची फरशी?"

"माजीच की," शालूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"बसवलेली नाही?"

"न्हाई बसवू देत."

"पण तुमच्या मालकीची आहे?"

"व्हय तर. दीड वरीस झालं."

साहेब अडचणीत आले. त्यांच्या कागदावर प्रश्न एवढाच होता : फरशी आहे किंवा नाही. ती जमिनीवर आहे की भिंतीला टेकून आहे, याची विचारणा सरकारनं केलेली नव्हती. त्यांनी दोनदा फरशीकडं आणि एकदा शालूबाईंच्या गुडघ्यांकडं पाहिलं, सुस्कारा सोडला आणि 'आहे' लिहिलं. शालूबाई अपात्र ठरल्या.

यादी लागली तेव्हा तालुक्यात खळबळ उडाली. उभाडे गावातलं शंभर टक्के दारिद्र्य मृत्तिका निसर्गनिवासात एकवटलेलं आढळलं होतं. जिल्ह्यातल्या सर्वांत गरीब बारा कुटुंबांपैकी बाराच्या बारा तिथं राहत होती. त्यांतले कोणी उपाशी, कोणी निरक्षर, आणि सगळे विनामोबदला राबणारे. सरकारी कामाला वेळ लागतो असं लोक उगाच म्हणतात. 'उपासमार' या शब्दाखाली दोन रेघा असतील तर कागद धावतो. पावसाळा संपायच्या आत बारा घरकुलं मंजूर झाली. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, प्रत्येकी एक दिवा आणि पंख्यासाठी आकडा. बांधकाम त्याच जागी करायचं होतं, कारण गरिबांना हलवणं हे धोरणात बसत नाही.

शंभूराज कपाळाला हात लावून कचेरीत धावले. हे हॉटेल आहे, त्यांनी सांगितलं, ही माणसं इथं राहतच नाहीत. मिलिंद साहेबांनी शांतपणे दोन फायली पुढं ठेवल्या. एक घरकुलांची. दुसरी वेठबिगारीची, तिच्यात बारा अंगठे होते आणि मजकूर होता की मालक चीजवस्तू काढून घेतो, शेतात राबवतो आणि वर यांच्याकडूनच पैसे घेतो. "यांतला एकही शब्द खोटा असेल तर लिहून द्या," साहेब म्हणाले. "मग खरंखोटं ठरवायला आपण दुसरी फाईल चौकशीला पाठवू."

शंभूराजांनी पुष्कळ विचार केला. मजकुरातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी पहिल्या फायलीवर सही केली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला घरकुलं उभी राहिली आणि मृत्तिका निसर्गनिवासात मृत्तिका औषधालाही उरली नाही. त्यातच नवं घोडं अडलं. किल्ल्या फक्त अंगठेवाल्यांनाच द्यायच्या असा नियम होता आणि अंगठेवाले पुणे, मुंबई आणि माधवनगर इथं पंख्याखाली बसले होते. घरं कुलपात पडून राहिली तर चौकशी पुन्हा उघडणार. शंभूराजांनी आम्हा सर्वांना कळवळून निरोप धाडले. मी टाळणार होतो. विजया म्हणाली, "मी जाणार." तिच्या तोंडावर तो सारवण शिबिरातला गप्पपणा पुन्हा दिसला, म्हणून मी निमूट तयारी केली.

किल्लीवाटपाचा समारंभ वडाखालीच झाला. या वेळी आम्ही आपापल्या कपड्यांत होतो. अर्जुना गाडी घेऊन आले होते. दोन्ही डॉक्टर सफारीत होते. विजयानं जरीकाठी साडी नेसली होती आणि नवा चष्मा लावला होता. मिलिंद साहेबांनी आम्हाला पाहिलं मात्र, आणि त्यांचा चेहरा फुलला. नुसतं घर मंजूर झालं तर वर्षात माणसं एवढी वर येतात, हे त्यांनी कुठल्याच अहवालात वाचलेलं नव्हतं. घरात पाऊल टाकण्याआधीच संपूर्ण वस्तीनं दारिद्र्याची रेषा ओलांडली होती. योजनेचं इतकं निर्भेळ यश जिल्ह्यात दुसरं नाही. अर्जुना आता सही करू शकतात हे पाहून तर साहेबांनी त्यांना मिठीच मारली.

विजयाचं नाव पुकारलं गेलं. तिनं अंगठा दिला, जुन्या अंगठ्याशी ताडून पाहण्यात आला, टाळ्या झाल्या, किल्ली मिळाली. ती किल्ली घेऊन ती सरळ मागं चालत गेली. तिथं शालूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. विजयानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली.

"हे काय?" मिलिंद साहेबांनी विचारलं. "ह्या कोण तुमच्या?"

"थोरली बहीण," विजया म्हणाली.

साहेबांनी दोघींकडं पाहिलं. मग समोरच्या घरामागच्या गोणपाटाकडं पाहिलं. "बहिणीनं बहिणीकडं राहायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

शालूबाईंनी कुलूप काढलं, चपला दारात सोडल्या, आणि आत जाऊन आधी उभ्यानंच फरशीवर पाय फिरवला. मग हळूहळू, गुडघ्यांची समजूत घालत, त्या खाली बसल्या आणि आडव्या होऊन फरशीवर गाल टेकवला. भर दुपार होती.

"आगं आई गं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "गार हाय. लय गार हाय गं."

आकाराम दारात होते. ते धोतरात होते तरी खाडकन सावधान उभे राहिले. मला फार बरं वाटलं. मी कचेरीतला माणूस, मला सहसा काही वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं आणि ते सांगायला मी लाजत नाही.

शंभूराजांची अडचण मात्र उरलीच होती. दिवाळीची नोंदणी भरलेली आणि अख्ख्या उभाड्यात मातीचं घर एकच राहिलेलं, शालूबाईंचं. ते त्यांच्याकडं गेले. शालूबाई फरशीवर पाय पसरून शेंगा फोडत होत्या.

"घ्या की घर," त्या म्हणाल्या. "आमी हितं आलो न्हवं. पर सारवायचं तुमच्या पावण्यांनी. मी खुर्चीवर बसून सांगीन. ही न्हाईत का, फौजंत हवालदार हुतं? ह्यांनी बी शेवटाला जवानांस्नी तसंच सांगितलं बसून."

शंभूराजांनी मान्य केलं. आता मृत्तिका निसर्गनिवासात बारा खोप्यांऐवजी एकच घर आहे आणि त्यामुळं त्याची प्रतिष्ठा बारापट झाली आहे. प्रतीक्षायादी वर्षभराची आहे. घरात काडीचा बदल करायचा नाही ही अट कायम आहे, फक्त ती आता पाहुण्यांना लागू आहे. शालूबाई रोज सकाळी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक त्यांच्यासमोर मागं सरकत सरकत सारवतात. पाणी जास्त झालं तर त्या खरवडून पुन्हा करायला लावतात. उरलेल्या अकरा घरकुलांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असतात. अंगठेवाले 'मोठ्या बहिणीकडं ठेवल्यात' असं साहेबांना सांगून निघून गेले. गावातल्या अकरा म्हाताऱ्या आता तिथं झोपतात. भिंतीला टेकलेली जुनी फरशी कोंबड्यांकडंच ठेवण्यात आली आहे. त्यांचा ताबा जुना आहे.

माझं हे टिपण वाचून पुष्कळांना तिथं जाऊन राहावंसं वाटेल, याची मला कल्पना आहे. तुम्हालाही मघाशी, ते गालाला लागलेल्या गारव्याचं वाचताना नव्हे, त्याच्या बरंच आधी, मातीच्या भिंती आणि दारातल्या तुळशीपाशीच, पत्ता विचारावासा वाटला होता. त्यात गैर काही नाही. नोंदणी आता शालूबाई स्वतः करतात आणि शुल्क, कागदपत्रं, ओळखपत्र यांतलं काहीही मागत नाहीत. त्या समोरच्या माणसाला खुर्चीवरून एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर आल्यावरच किल्ली देतात :

"तुमच्या गावाकडचं घर सध्या कोन सारवतंय?"

आजवर आलेले बहुतेक पाहुणे या प्रश्नाला गडाकडं बघत उभे राहतात. तुम्ही याल तेव्हा उत्तर घेऊन या, म्हणजे मागच्यांचा खोळंबा होणार नाही.